मुलांवरचे अत्याचार : नागपूरच्या पालकांकडून, शिक्षकांकडून वारंवार येणारे प्रश्न

पालकसभेत या विषयावर सगळ्यांसमोर कोणी विचारत नाही. सभा संपून खुर्च्या आवरत असताना कोणी जवळ येऊन हळूच विचारतं, कोणी रात्री फोन करतं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. जिथे दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, तिथे त्या क्रमांकाकडे पाठवलं आहे.

एखादं मूल या क्षणी धोक्यात असेल तर वाचत बसू नका. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) लावा. दोन्ही नंबर मोफत आहेत, चोवीस तास चालतात.

१. अत्याचार म्हणजे नेमकं काय? रागावणं, एखादी चापट मारणं हेही त्यात येतं का?

मारहाण, लैंगिक त्रास, सतत अपमान करून किंवा धाक दाखवून मन मोडणं आणि हेळसांड, म्हणजे खाणं, औषध, देखरेख न देणं, हे सगळं अत्याचारात येतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच त्याला मारलं, टाकून दिलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेत तर चापटही चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. ‘आम्हीही मार खाऊनच शिकलो’ हे आजोबांचं म्हणणं प्रेमाचं असेल, पण आज कायदा ते मानत नाही.

लैंगिक अत्याचारासाठी वेगळा कायदा आहे, पॉक्सो. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला संरक्षण देतो. त्यात स्पर्श झालाच पाहिजे असंही नाही. लैंगिक हेतूने मुलाला अश्लील चित्रं दाखवणं, त्याच्यासमोर कपडे काढणं, घाणेरडं बोलणं किंवा सतत पाठलाग करणं हाही गुन्हा आहे.

२. असं आपल्यासारख्या घरांत होतं का?

होतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रही त्यात होता. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. म्हणून ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको’ एवढं शिकवून भागत नाही.

आपल्याकडचीच गोष्ट घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, घरात कूलर एक, आणि तो ज्या खोलीत त्याच खोलीत सगळ्यांच्या गाद्या. सुट्टीला आलेली आतेभावंडं, लग्नाला आलेले पाहुणे, सगळे एका ओळीत झोपतात. कूलरच्या घरघरीत शेजारच्या गादीवरचं हूं की चूं ऐकू येत नाही. अशा वेळी मुलाची गादी आई-बाबांच्या मध्ये किंवा आजीच्या कुशीला लावा. कोण कुठे झोपणार हे ठरवायला संकोच करू नका. पाहुण्याला वाईट वाटलं तर ते उद्या निस्तरता येईल.

३. आम्हाला मुलगाच आहे. त्याची कशाला काळजी?

वरच्याच अभ्यासात लैंगिक त्रास सांगणाऱ्यांमध्ये मुलांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच निघालं. पॉक्सोही मुलगा-मुलगी असा फरक करत नाही. मुलगे सांगत नाहीत, कारण ‘पोरासारखा पोर, रडतोस काय’ हे त्यांनी आधीच ऐकलेलं असतं. हे वाक्य घरातून आधी हद्दपार करा.

४. मूल बोलत नाही. काही झालंय हे ओळखायचं कसं?

ठरलेली अशी एकच खूण नसते. अचानक पडलेला फरक मात्र बघायला हवा. अंथरूण ओलं करणं थांबलेलं मूल पुन्हा करू लागतं. एरवी दंगा करणारं मूल गप्प होतं. ठरावीक माणूस आला की आतल्या खोलीत पळतं, व्हॅनची वेळ झाली की पोट दुखतं, ट्यूशनला जायचं नाव काढलं की रडतं. लघवीला जळजळ, गुप्तांगाला सूज किंवा रक्त, बसताना त्रास, वयाला न शोभणारी लैंगिक माहिती, बाहुलीशी तसला खेळ, कोणी दिलं ते सांगता येत नाही अशा भेटवस्तू किंवा मोबाईलचा रिचार्ज, हेही लक्षात घ्या. मोठ्या मुलांमध्ये स्वतःला इजा करणं, घरातून निघून जाणं, अभ्यास एकदम घसरणं दिसतं.

यातलं एखादं लक्षण दुसऱ्या कारणानेही येतं. परीक्षेच्या ताणानेही पोट दुखतं. पण मूल एखाद्या माणसाला किंवा जागेला टाळत असेल, तर ‘नखरे करते’ म्हणून ढकलून पाठवू नका. आधी पाठवणं थांबवा आणि कारण नंतर शोधा.

५. शाळेत ‘गुड टच, बॅड टच’ शिकवलं आहे. तेवढं पुरे ना?

नाही. अत्याचार करणारा बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी दुखवत नाही. तो गुदगुल्या करतो, खेळवतो, लाड करतो, गेम खेळायला मोबाईल देतो. मुलाला तो स्पर्श ‘बॅड’ वाटतच नाही, आणि नंतर वाटलं तरी ‘मलाही मजा आली होती’ या अपराधीपणाने तोंड बंद होतं. त्यापेक्षा मुलाला साधा नियम द्या. चड्डीच्या आतल्या जागा कोणी बघायच्या नाहीत, हात लावायचा नाही, आणि कोणी आपल्याला स्वतःच्या त्या जागांना हात लावायला सांगायचं नाही. आंघोळ घालताना आई-बाबा किंवा आजी, आणि आई-बाबा सोबत असताना डॉक्टर, एवढाच अपवाद. दोन-तीन वर्षांपासून शरीराच्या अवयवांची खरी नावं शिकवा. टोपणनावं वापरणारं मूल शिक्षिकेला काही सांगायला गेलं तर तिला ते कळतच नाही.

दुसरी गोष्ट गुपितांची. ‘आईला सांगू नको’ असं कोणीही म्हटलं, की ते आईलाच सांगायचं. बाबांच्या वाढदिवसाच्या केकसारखी एक दिवसात उघडी होणारी गंमत वेगळी.

तिसरी गोष्ट आपल्याला जड जाते. ‘मामांना पापी दे’, ‘काकांच्या मांडीवर बस’ अशी सक्ती बंद करा. मुलाला नमस्कार करू द्या, हात हलवू द्या. ज्याला घरात मामांना ‘नको’ म्हणू दिलं जात नाही, ते मूल बाहेर कोणाला ‘नको’ म्हणेल?

आणि राखण करणं हे मोठ्यांचं काम आहे, चार वर्षांच्या लेकराचं नाही. व्हॅनमध्ये शेवटी कोणतं मूल उतरतं, त्या वेळी सोबत बाई असते का, ट्यूशनच्या खोलीचं दार उघडं असतं का, शाळेत लहान मुलांच्या स्वच्छतागृहापाशी कोण असतं, हे विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेला अत्याचार स्वच्छतागृहातच घडला होता. शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) आणि तक्रारपेटी असायला हवी. समितीवर कोण आहे आणि पेटी शेवटची कधी उघडली, हे पुढच्या पालकसभेत उभं राहून विचारा.

६. मुलीने मला सांगितलं. आता मी काय बोलू?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. पुढे पोलीस, डॉक्टर, कोर्ट सगळं येतं. पण मूल पुन्हा तोंड उघडेल की नाही, हे त्या पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या चेहऱ्यावर ठरतं.

खाली बसा, तिच्या उंचीला या. म्हणा, ‘तू सांगितलंस, खूप बरं केलंस. यात तुझी काहीच चूक नाही. मी आहे.’ मग गप्प राहा. ती थांबली तर ‘बरं, मग?’ एवढंच विचारा. ‘काकांनी इथे हात लावला का?’ असं आपण सुचवायचं नाही, कारण पुढे कोर्टात बचावाचे वकील ‘आईनेच शिकवलं’ म्हणतात. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’, ‘नक्की ना?’ हे तीन प्रश्न जिभेवर आले तरी गिळा.

‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. ‘आपल्याला मदत करतील अशा माणसांनाच सांगू’ असं म्हणा. नंतर दुसऱ्या खोलीत जाऊन तारीख, वेळ आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. ती ‘शूची जागा’ म्हणाली असेल तर तेच लिहा, सुधारू नका.

मग आत्या आली, आजी आली, शेजारच्या काकू आल्या, प्रत्येकीसमोर ‘सांग गं यांना काय झालं ते’ असं करू नका. एकदा सांगणंच तिला पुष्कळ झालं. आणि बाबांनी त्या माणसाच्या अंगावर धावून जायचं नाही. राग रास्त आहे. पण मुलीला दिसतं ते एवढंच, की मी सांगितलं म्हणून घरात भांडण झालं, आता बाबांना पोलीस नेतील. पुढचं ती सांगत नाही. शिवाय समोरचा सावध होतो आणि मोबाईलमधलं सगळं पुसून टाकतो.

७. तक्रार कुठे करायची?

कुठल्याही पोलीस ठाण्यात. घटना वाडीची आणि तुम्ही सक्करदऱ्याला असलात तरी ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवून तो पुढे पाठवावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. नोंद करायला नकार मिळाला तर पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात असाल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

ठाण्यात जायची हिंमत होत नसेल तर १०९८ वर बोला, बाल कल्याण समितीकडे (अडचणीतल्या मुलांसाठीची जिल्ह्याची समिती) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्येही (महिला-मुलांच्या मदतीचा कक्ष) समुपदेशक असतात. मात्र पॉक्सोच्या प्रकरणात कोणी समेट सुचवला तर ऐकू नका. इथे समेटाला जागा नाही.

८. मुलाला पोलीस ठाण्यात न्यावं लागतं का?

नाही. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल त्या जागी घेता येतो. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई-वडिलांसमोर किंवा मुलाच्या विश्वासातल्या माणसासमोर तो घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समितीकडून सहायक व्यक्ती मागून घ्या. तपासापासून खटल्यापर्यंत ती मुलासोबत राहते, आणि तिचा आधार किती मोठा असतो हे ज्यांनी तिच्याविना तारखा काढल्या त्यांना विचारा.

९. दवाखान्यात लगेच न्यायचं का? एफआयआरशिवाय तपासतील का?

लगेच न्या. मेडिकल, मेयो, डागा, किंवा जवळचं खासगी रुग्णालयही. कायद्याने सगळ्यांनाच प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यावे लागतात, आणि त्यासाठी आधी पोलिसांचा कागद मागता येत नाही. पोलिसांना कळवणं हे रुग्णालयाचं काम.

जायच्या आधी मुलाला आंघोळ घालू नका. त्या वेळचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. पहिले ७२ तास महत्त्वाचे आहेत, कारण एचआयव्ही टाळणारं औषध त्या मुदतीतच सुरू करावं लागतं, गर्भधारणा रोखणारी गोळीही तेवढ्या वेळात दिलेली बरी. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, पालकासमोर. ‘टू फिंगर टेस्ट’ला, म्हणजे योनीत बोटं घालून केलेल्या तपासणीला, सर्वोच्च न्यायालयाने सक्त मनाई केली आहे. कोणी ती करू लागलं तर थांबवा.

आठवडे, महिने उलटून गेले असतील तरीही तपासणी करून घ्या. खूण नसली म्हणजे घडलं नाही, असं नसतं.

१०. त्रास देणारा घरातलाच आहे. तक्रार केली तर घर मोडेल.

हा प्रश्न विचारणाऱ्या आईचा आवाज नेहमी खाली गेलेला असतो. घरभाडं कोण भरेल, सासू काय म्हणेल, धाकट्याच्या फीचं काय, हे सगळे प्रश्न खरे आहेत. पण मुलीने तोच माणूस रोज जेवणाच्या ताटासमोर बघावा, हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. नातेवाइकाने केलेला अत्याचार कायदा अधिक गंभीर मानतो.

तक्रारीआधी एवढं ठरवा : आज रात्री मूल कुठे झोपेल? माहेर, मावशी, कोणी विश्वासाचं. तसं कोणीच नसेल तर बाल कल्याण समिती सुरक्षित निवाऱ्याची सोय करते. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी समितीच्या शिफारशीने मदत मिळते. नुकसानभरपाईसाठी प्रश्न १४ पाहा.

११. मी शिक्षिका आहे. मुख्याध्यापक म्हणतात, आधी संस्थेत चौकशी करू, नाव खराब होईल.

पॉक्सोच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं आहे, संस्थेची परवानगी त्यात कुठेच नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. विदर्भातलंच उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले. ते कळवलं नाही म्हणून एका डॉक्टरवर गुन्हा नोंदवला गेला होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि वेळेवर न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं.

मुख्याध्यापकांना लेखी द्या, प्रत स्वतःकडे ठेवा आणि त्याच दिवशी १०९८ लावा.

१२. माझी नुसती शंका आहे. खोटी निघाली तर मीच अडकेन का?

नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती कोणाला बदनाम करायला किंवा पैसे उकळायला मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्यांना. मुलाची तक्रार चुकीची ठरली तरी मुलाला शिक्षा नाही. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, ते पोलिसांवर सोडा.

१३. ‘कपड्यांवरून हात लावला तर पॉक्सो लागत नाही’ असं ऐकलं. खरं का?

नाही. हा गैरसमज नागपूरच्याच एका खटल्यातून पसरला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कपडे न काढता केलेला स्पर्श पॉक्सोच्या कलम ७ मधला लैंगिक हल्ला धरला नव्हता. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला. हेतू लैंगिक असणं महत्त्वाचं, त्वचेला त्वचा लागली की नाही हे नाही. स्थगितीची बातमी मूळ बातमीइतकी पोचली नाही, त्यामुळे हा प्रश्न अजूनही येतो.

१४. खटला, वकील, खर्च यांचं कसं?

सुनावणी बंद दालनात होते. मुलाला आरोपी दिसणार नाही अशी पडद्याची किंवा व्हिडिओची सोय करावी लागते. बचावाचा वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाही, न्यायाधीशांमार्फत विचारतो. मधूनमधून विश्रांती मागता येते. वर्षभरात खटला संपवावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, आणि त्याची मनाची तयारी ठेवा.

सरकारी वकील असतोच. शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, त्यांची हेल्पलाइन १५१००. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून प्रकरणाच्या गंभीरतेप्रमाणे दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज याच प्राधिकरणाकडे. खटल्याच्या निकालापर्यंत थांबायची गरज नाही.

१५. मुलाला कोणी ऑनलाइन फोटो मागून धमकावतंय.

पैसे देऊ नका, आणखी फोटो पाठवू नका. चॅट पुसू नका. प्रोफाइलचं नाव, लिंक, नंबर यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. मुलाचा मोबाईल हिसकावण्याची शिक्षा करू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते लपवेल. मुलांचे अश्लील व्हिडिओ नुसते ‘जागरूकतेसाठी’ ग्रुपवर टाकणं हाही गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे व्हिडिओ जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं असं स्पष्ट केलं.

१६. त्रास देणारा मुलगा स्वतःच चौदा वर्षांचा आहे. तरी तक्रार?

हो. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं, तुरुंगात नाही. सोळा ते अठरा वयात अतिशय गंभीर गुन्हा असेल तर मंडळ आधी त्याची मानसिक क्षमता तपासतं. कधीकधी अशा मुलावरही आधी कोणीतरी अत्याचार केलेला असू शकतो. मदत दोघांना लागते, पण दोघांना वेगळं ठेवून. चार-पाच वर्षांची दोन मुलं कुतूहलाने एकमेकांना बघत असतील तर तो गुन्हा नव्हे. शांतपणे थांबवा आणि प्रश्न ५ मधला नियम सांगा. बळजबरी, धमकी, वयात मोठा फरक किंवा सांगूनही पुन्हा पुन्हा घडणं असेल तर समुपदेशक गाठा.

१७. मुलगी सतरा वर्षांची आहे, स्वतःच्या मर्जीने एका मुलासोबत होती आणि गरोदर आहे. डॉक्टर पोलिसांचं नाव काढतात.

अठराखालच्या मुलीची संमती पॉक्सो मानत नाही, म्हणून डॉक्टरांना कळवावं लागतं. पण सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा प्रकरणात मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी तिचं नाव-गाव पोलिसांना उघड करू नये. हा निकाल बऱ्याच दवाखान्यांत माहीत नसतो, तुम्ही सांगा. अल्पवयीन मुलीला चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. त्यानंतर उच्च न्यायालयात जावं लागतं. भीतीपोटी गल्लीतल्या कोणाकडून गोळ्या आणू नका. आणि ‘आता लग्नच लावून टाकू’ हा मार्ग नाही. तो बालविवाह ठरतो, नवऱ्यावरही बलात्काराचा गुन्हा लागतो.

१८. वस्तीतल्या ग्रुपवर मुलीचं नाव आणि फोटो फिरतोय.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनला लगेच काढायला सांगा, स्क्रीनशॉट ठेवा, पोलिसांना द्या. नावच नव्हे, शाळा, पत्ता, आई-वडिलांचं नाव, ओळख पटेल असं काहीही छापणं-पसरवणं गुन्हा आहे. निषेधाच्या मोर्चातल्या फलकांनाही हाच नियम. कळवळा असेल तर नाव झाका.

१९. स्टेशनवर किंवा बसस्थानकावर एकटं मूल दिसलं तर?

नागपूर मोठं जंक्शन आहे, चारही दिशांनी पळून आलेली, पळवलेली मुलं इथे उतरतात. मुलाला घरी नेऊ नका, हेतू चांगला असला तरी. जवळ थांबा, पाणी द्या, रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला बोलवा किंवा १०९८ लावा. चोवीस तासांत त्याला बाल कल्याण समितीसमोर नेलं जातं.

२०. हे माझ्यावर लहानपणी झालं होतं. आता मी पस्तिशीत आहे. बोलून काही उपयोग?

गंभीर लैंगिक गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नाही. नोव्हेंबर २०१२ च्या आधीची घटना असेल तर पॉक्सो लागत नाही, तेव्हाची भारतीय दंड संहिता लागते. पुरावा जुना झालेला असतो, त्यामुळे आधी वकिलाशी बोला. तो माणूस आजही लहान मुलांमध्ये वावरत असेल, घरातल्या पुढच्या पिढीला शिकवत, खेळवत असेल, तर त्या मुलांच्या आई-बाबांना सांगणं हीसुद्धा मोठी मदत आहे. तक्रार करायची की नाही हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचं. फक्त बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मोफत, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.